मत्स्यपालकांचे प्रश्न : आरओला धार का येत नाही?

या वेळच्या टपालात डिस्कस मासे आणि झिंगे पाळणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत, आणि मासे सोडून सगळे नळाविषयीच लिहितायत. त्यामुळे हा अंक पाण्याचा. गप्पी आजारी पडलेल्या नाशिकच्या छोट्या वाचकाला मी वेगळं उत्तर पाठवलं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वाघोलीला सात मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११०० दिसतो. चार फुटी फिशटँकमध्ये डिस्कस ठेवायचे म्हणून ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलन पाणी देणारं) परदेशी बनावटीचं आरओ-डीआय युनिट ऑनलाइन मागवलं. सेडिमेंट (गाळ अडवणारं), कार्बन, डीआय (उरलेसुरले क्षार रेझिनने काढणारं) अशी तीन पारदर्शक हाउसिंग आणि वर मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा). रात्रभर चालू ठेवलं की सकाळी बादलीत जेमतेम पाच-सहा लिटर. वेस्टच्या नळीतून मात्र मोरी भरून वाहते. मेंब्रेननंतर टीडीएस २२० येतो आणि डीआयचं रेझिन पंधरवड्यात बाद झालं. विकणारा म्हणतो मेंब्रेन गेलं, नवं घ्या. घेऊ का? की सोसायटीला गच्चीवर प्रेशर पंप बसवायला सांगू?

उत्तर : मेंब्रेनही घेऊ नका आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येही हा विषय काढू नका. बिचाऱ्या मेंब्रेनचा यात काही दोष नाही, हे पत्र वाचूनच सांगते.

मेंब्रेनच्या लेबलवर ७५ जीपीडी लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसाला २८४ लिटर, तासाला साधारण १२. पण त्याच्याच माहितीपत्रकात बारीक अक्षरांत अटी असतात : दाब ५० पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप), पाणी २५ अंश सेल्सियस, टीडीएस २५० च्या आसपास. ही यंत्रं ज्या देशांसाठी बनतात तिथे रस्त्याखालच्या पाइपातच ४० ते ६० पीएसआय दाब असतो. नळाला जोडलं की काम झालं, म्हणून खोक्यात पंप नसतो. आपल्याकडे दाब येतो गच्चीवरच्या टाकीतून, आणि तो किती हे मोजायला गेजसुद्धा लागत नाही. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून तुमच्या नळापर्यंतची उभी उंची बघा. दर १० मीटरला १४ पीएसआय. तुमच्या वर एक मजला, त्यावर गच्ची, गच्चीवर टाकीचा चौथरा, म्हणजे ८ मीटर धरू. झाले ११ पीएसआय. तळमजल्यावरच्या शेजाऱ्याने हेच युनिट लावलं असतं तर त्याला तुमच्या तिप्पट तरी दाब मिळाला असता. वरचा मजला घेताना हवा-उजेडाबरोबर हेही विचारायला हवं, पण फ्लॅट बघायला जाताना डिस्कस कोणाच्या डोक्यात असतात!

आता दुसरा हिशेब. खारट पाण्याला स्वतःचा ऑस्मॉटिक दाब असतो आणि तो आपल्या उलट दिशेने ढकलत असतो. ढोबळमानाने दर १०० टीडीएसला १ पीएसआय धरा, चुन्याच्या कठीण पाण्यात थोडा कमी. तुमच्या ११०० ला हा दाब ८ ते ११ पीएसआय होतो. म्हणजे गच्चीने जे दिलं ते क्षारांनीच खाल्लं. शिल्लक राहतात फार तर दोन-तीन पीएसआय, आणि ५० च्या अटीवर बनलेलं मेंब्रेन त्या दोन-तीनवर चालतंय. रात्रभरात पाच-सहा लिटर आले हेच खूप.

२२० टीडीएस कशामुळे, तेही यातच आहे. मेंब्रेनमधून पाणी किती जाईल हे दाबावर ठरतं, पण क्षार किती झिरपतील हे दाबावर फारसं ठरत नाही. ते आपल्या गतीने येतच राहतात. दाब असेल तेव्हा तेवढेच क्षार भरपूर पाण्यात मिसळतात, आकडा छोटा दिसतो. दाब नसेल तर तेवढेच क्षार थेंबभर पाण्यात. म्हणून कमी दाबाचं आरओ पाणी नुसतं कमी नसतं, वाईटही असतं. तुमचं रेझिन याच २२० ने खाल्लं. रेझिनचा खर्च वाचवायचा तर आधी दाब वाढवा.

गच्चीवरचा प्रेशर पंप बाथरूमच्या शॉवरसाठी बनलेला असतो. पाणी भरपूर, दाब दोन बारच्या आसपास, म्हणजे २८-३० पीएसआय. आरओला नेमकं उलटं हवं : मिनिटाला लिटरभरही पाणी पुरे, पण दाब ६० ते ८०. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या आरओत असतो तोच छोटा २४ व्होल्टचा डायफ्रॅम पंप घ्या. त्याला सगळे बूस्टर पंप म्हणतात, कोणत्याही आरओवाल्याच्या पिशवीत असतो. ७५ किंवा १०० जीपीडीचा, सोबत २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. ‘फिशटँकसाठी खास’ म्हणून तिप्पट किमतीला विकतात तो घेऊ नका. मासा काही पंपावरचं स्टिकर वाचत नाही.

जागा कुठे? बरेच आरओवाले सेडिमेंटनंतर लगेच लावतात. मी सेडिमेंट आणि कार्बन दोन्हींच्या नंतर, मेंब्रेनच्या तोंडाशी लावते. त्यामुळे पारदर्शक हाउसिंगवर ७० पीएसआयचा ताण येत नाही आणि रात्री ओ-रिंगमधून गळती होत नाही. उणी बाजू अशी की फिल्टर चोंदले की पंपाला पाणी मिळत नाही आणि तो खडखडतो. मला तर तो खडखडाट हवाच असतो, फिल्टर बदलायची आठवण होते. पंपाच्या डोक्यावर बाण किंवा ‘इन’, ‘आउट’ अशी खूण असते ती पाहून नळ्या घाला. नळी तिरकी कापू नका. ब्लेडने सरळ कापा, कनेक्टरमध्ये आत टेकेपर्यंत दाबा, आणि ओढून बघा. हाताने निघाली तर ७० पीएसआयला नक्की निघेल.

पंपाबरोबर एसव्ही, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह घ्यायला विसरू नका. पंप बंद केला की पाणी थांबतं असं सगळ्यांना वाटतं, पण हा पंप पुढे जाणारं पाणी अडवत नाही. गच्चीचा दाब आहेच, तो बंद पंपाच्या पोटातून, मेंब्रेनवरून, वेस्टच्या नळीने मोरीत जात राहतो, दिवसरात्र. टँकरचं विकतचं पाणी! एसव्ही पंपाच्या आधी बसवा आणि त्याच्या दोन वायरी पंपाच्याच अ‍ॅडॅप्टरला जोडा. पंप सुरू झाला की तो उघडतो, बंद झाला की मिटतो. त्याच सर्किटमध्ये लो प्रेशर स्विच घालून घ्या, म्हणजे गच्चीवरची टाकी रिकामी झाली तर पंप कोरडा फिरणार नाही. आणि साठवणीच्या ड्रमात फ्लोट स्विच, म्हणजे ड्रम भरला की पंप बंद होईल. फ्लोट नसेल तर पंप लावून झोपायला जाऊ नका; खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर हे ऐकाच. अ‍ॅडॅप्टर पाण्याच्या नळ्यांच्या वर, भिंतीवर टांगा, आणि वायर खाली वाकून मग वर सॉकेटमध्ये जाऊ द्या, म्हणजे थेंब वायरीवरून प्लगपर्यंत पोचत नाही.

सगळं जोडून झालं की मापाचा मग घ्या आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. शुद्ध पाण्याच्या नळीखाली मिनिटभर, मग वेस्टच्या नळीखाली मिनिटभर. तुम्हाला शुद्ध २०० मिलीच्या आसपास आणि वेस्ट ६०० च्या आसपास हवं. वेस्ट खूपच जास्त असेल तर त्या नळीवरचा फ्लो रिस्ट्रिक्टर (धार अडवणारा छोटा तुकडा) मोठा आहे, लहान घाला. पण पाणी वाचवायच्या नादात वेस्ट ३०० वर आणू नका. ११०० टीडीएसचं बोअरचं पाणी आहे, मेंब्रेनवर चुन्याचा थर बसेल आणि मग विकणाऱ्याचं म्हणणं खरं होईल. आत्ता पंपाविना तुम्ही एका लिटरमागे किती पाणी मोरीत घालवताय ते याच मगाने एकदा मोजा. पंपाची किंमत लगेच पटेल.

पंप लागला की मेंब्रेननंतरचा टीडीएस ३०-४० पर्यंत उतरायला हवा. मीटर सुरुवातीलाच लावू नका. मशीन बंद असताना क्षार हळूहळू पलीकडे झिरपून बसलेले असतात, पहिल्या पाच मिनिटांचं पाणी नेहमी जास्त टीडीएसचं येतं. ते वेगळ्या बादलीत घ्या, फरशी पुसायला वापरा, डीआयमधून सोडू नका.

आणि हो, हे पाणी थेट डिस्कसना घालू नका. नुसत्या आरओ पाण्यात सामू (पीएच) धरून ठेवणारे क्षारच नसतात, तो एका रात्रीत कोसळू शकतो. तुम्हाला २०० टीडीएसचं पाणी हवं असेल तर ५० लिटरमध्ये सोसायटीचं ८ लिटर आणि आरओचं ४२. बोअरचं पाणी आधी रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा, मग मिसळा, आणि मिसळलेलं पाणी फिशटँकच्या तापमानाला, २८-३० अंशांवर आणून बदला. आठवड्याला १०० लिटर बदलायचे तर आरओचे ८४ लिटर लागतील, म्हणजे पंप सात-आठ तास. रविवारी सकाळी लावला की दुपारच्या वामकुक्षीनंतर काम झालेलं असेल. असं असेल तर डीआयची गरजच नाही, ते हाउसिंग रिकामं ठेवा. डीआय समुद्री मासे पाळणाऱ्यांना लागतं. तुम्ही शून्य टीडीएस विकत घेऊन त्यात परत बोअरचं पाणी ओतणार, मग रेझिनला पैसे कशाला?

प्रश्न : आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरात नळ काही दिवसांआड येतो, तोही तासभर आणि धार बारीक. त्या तासाभरात आरओ चालवावा म्हणून नळाला छोटी मोटार जोडून पुढे आरओ लावला तर?

उत्तर : नको. नळाच्या लाइनला थेट मोटार लावणं बेकायदा आहे, महापालिकेचं पथक ती काढून नेतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी मोटार लाइनमध्ये खेच निर्माण करते, आणि पाइपाला कुठे भेग असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी त्या भेगेतून आत ओढलं जातं. ते तुमच्याच घरात येतं असं नाही, पुढच्या गल्लीतही जातं.

नळाचं पाणी आपल्या धारेने ड्रमात भरून घ्या. ड्रम स्टुलावर किंवा विटांवर, तळाशी नळी, त्याखाली सेडिमेंट फिल्टर आणि बूस्टर पंप जमिनीलगत. पंपाला पाणी वरून आलं पाहिजे, खालून ओढायला लावू नका. ड्रमात पाणी आहे तोवर आठवडाभर कधीही चालवा, नळाच्या तासाशी देणंघेणं नाही. ड्रमवर झाकण हवंच, डासांसाठी. आणि इतक्या दिवसांनी येणाऱ्या पाण्यात एक भाग शुद्ध पाण्यामागे तीन भाग वेस्ट घालवायचं, तर ते वेस्ट धरायला दुसरा ड्रम आधी आणा, पंप नंतर. त्यात भांडी घासायचं पहिलं पाणी, फ्लश, फरशी सगळं निघतं. कुंड्यांना रोज घालू नका, क्षार मातीत साठतात. आणि खरं सांगू? तुमच्याकडे जायकवाडीचं धरणाचं पाणी येत असेल तर आधी टीडीएस मोजा. आरओ न लावता जे मासे तगतात तेच पाळा. पाण्याची एवढी ओढ असलेल्या गावात मी स्वतः डिस्कस ठेवणार नाही.

प्रश्न : दादरला राहते. क्रिस्टल रेड झिंग्यांसाठी आरओ आणि बूस्टर पंप दोन्ही घ्यायचं ठरवलंय. कोणता घेऊ?

उत्तर : कोणताच नाही. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा, मोडक सागर अशा तलावांचं पावसाचं पाणी येतं, ते मुळातच मऊ असतं. पन्नासभर लोक तुम्हाला आरओ घ्या म्हणतील, कारण त्यांनी घेतलेला असतो. एक टीडीएस मीटर घ्या, नळाखाली धरा. १०० च्या आत आकडा आला तर क्लोरिन काढून टाका आणि झिंग्यांसाठी मिळणारं जीएच (पाण्याचा कठीणपणा) वाढवणारं मिनरल हलक्या हाताने घाला. तुमच्याकडे क्षार काढायचे नाहीत, घालायचे आहेत. सोसायटीत मधूनमधून टँकर येत असेल तर मात्र टँकरच्या दिवशी मीटर परत लावा, आणि त्या दिवशी पाणी बदलू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथे दाब ६० पीएसआय आहे, उन्हाळ्यात आरओ छान चालतो. थंडी पडली की पाणी निम्म्यावर येतं. मेंब्रेन बदलून बघितलं, फरक नाही. बूस्टर लावू का? येताना भारतातून पंप घेऊन आले तर चालेल का?

उत्तर : तुमचा दाब बरोबर आहे, पाणी गार आहे. गार पाणी दाट होतं आणि मेंब्रेनमधून सावकाश जातं. ढोबळ हिशेब दर अंशाला तीन टक्क्यांच्या आसपास घट. थंडीत बेसमेंटमधलं पाणी ५-६ अंशांवर असेल, तर लेबलवरच्या २५ अंशांच्या मानाने निम्मं होणारच. पहिलं मेंब्रेन फेकलं नसेल तर परत लावा.

थोडा वेळ जास्त चालवणं हाच सर्वांत स्वस्त उपाय. घाई असेल तर बूस्टरने दाब ८० वर न्या, थोडाफार फरक भरून निघतो. गरम पाण्याची लाइन मिसळू नका : साध्या घरगुती मेंब्रेनची मर्यादा ४५ अंशांची आणि गीझरचं पाणी कधी त्यापुढे जाईल सांगता येत नाही. पंप इथून नेता येईल, तो स्वतः २४ व्होल्टवर चालतो. प्रश्न अ‍ॅडॅप्टरचा. त्याच्यावर ‘१००-२४०’ असं छापलं असेल तर तिकडे चालेल, नुसतं ‘२३०’ असेल तर नाही. नळी पाव इंची दोन्हीकडे सारखीच. पण आईने दिलेल्या लोणच्याच्या बरण्यांपुढे बॅगेत जागा उरणार असेल तरच न्या, तिकडेही मिळतो.

प्रश्न : सोलापूर. स्वयंपाकघरातल्याच आरओचं पाणी फिशटँकला वापरतो, त्यात पंप आहे. तरी हल्ली धार एकदम बारीक झाली. आरओवाला म्हणतो पंप, मेंब्रेन, फिल्टर सगळं बदला. शिवाय आमचं ‘शुद्ध’ पाणी १८० टीडीएसचं येतं.

उत्तर : सगळं बदला म्हणणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं. मेंब्रेनच्या आधीच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) घालून १०० पीएसआयपर्यंतचं प्रेशर गेज लावायला सांगा, काम पाच मिनिटांचं. काटा ६०-७० वर असून धार बारीक असेल तर मेंब्रेन चोंदलं आहे, पंप ठीक. काटा २०-३० वरच अडकला तर सेडिमेंट फिल्टर काढून पंप चालवून बघा. काटा चढला तर दोष फिल्टरचा होता. नाही चढला तर वेस्टची नळी चिमटीत क्षणभर दाबा. आता काटा वर उडी मारत असेल तर पंपात जीव आहे, वेस्टवरचा फ्लो रिस्ट्रिक्टर गेलाय, किरकोळ पैशांची गोष्ट. इतकं करूनही हलत नसेल तर अ‍ॅडॅप्टर आधी बदला, मग पंप. मरणारा अ‍ॅडॅप्टर २४ ऐवजी १६-१७ व्होल्ट देतो, पंप गुरगुरतो पण ढकलत नाही, आणि निष्कारण पंप बदलला जातो. आमच्या दुकानात अशा ‘गेलेल्या’ पंपांचं एक खोकंच आहे, त्यातले अर्धे नव्या अ‍ॅडॅप्टरवर धावतात.

१८० टीडीएस हा बिघाड नसावा. पिण्याच्या आरओत टीडीएस कंट्रोलर असतो, छोटा स्क्रू असलेला. तो चवीसाठी कच्चं पाणी थोडं परत मिसळतो. पुढे मिनरलची कांडीही असेल. फिशटँकसाठी पाणी घ्यायचं तर मेंब्रेनच्या बाहेर पडणाऱ्या नळीलाच टी लावून छोटा कॉक काढून घ्या, कंट्रोलरच्या आधी. तिथे मीटर धरून काय येतं ते, आणि गेजचा काटा कितीवर होता तो आकडा, दोन्ही लिहून पाठवा. मगच मेंब्रेनला हात लावायचा की नाही ते सांगते.